मागे ‘गिल्ड १९०२’ लिहिलंय, पण रस्ता काय म्हणतो?

प्रश्न असा आला: उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात राहणाऱ्या एका वाचकाने प्रेस्टन गावाजवळच्या रविवारच्या जुन्या बाजारातून बुटांच्या खोक्यात भरलेले ४१ जुने फोटो घेतले. मिरवणुका, बँड, निशाणं, रस्त्यावरची गर्दी. बहुतेकांच्या मागे एकाच हाताने, निळ्या बॉलपेनने ‘प्रेस्टन गिल्ड १९०२’ असं लिहिलेलं आहे. (गिल्ड म्हणजे तिथली दर वीस वर्षांनी भरणारी जत्रा.) हे खरं मानायचं का, फोटो सांभाळायचे कसे, आणि इंटरनेटवर टाकले तर चालेल का? नमुन्यादाखल ६ फोटोंचे स्कॅन सोबत पाठवले आहेत.

उत्तर:

आधी त्या निळ्या अक्षरांचं बघू. बॉलपेन ब्रिटनच्या दुकानांत आलं ते १९४५च्या नाताळच्या सुमारास. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने घटनेनंतर निदान ४३ वर्षांनी लिहिलं. आजोबांकडून ऐकून लिहिलं असेल, किंवा विकताना चार पौंड जास्त यावेत म्हणूनही. प्रेस्टनमध्ये ‘गिल्ड’ हा शब्द मागे असला की फोटोची किंमत चढते, हे तिथल्या प्रत्येक जुन्या माल विकणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून ते लिखाण खोडू नका, पण त्यावर विसंबूही नका.

मी गेली २२ वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या फोटोंच्या संग्रहांवर काम करतो. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखाच मिरवणूक बघत बसायचो: निशाण कुठलं, पोशाख कुठल्या काळातले, रथावर कोण बसलंय. एकदा एका संस्थेच्या यादीत मी एक फोटो ‘साधारण १८६०’ म्हणून नोंदवला, कारण गाडीवर बसलेल्या बायकांनी पिंजऱ्यासारखे फुगीर घागरे घातले होते. पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग न लावताच मला दाखवलं, की गाडीमागच्या खांबावर विजेच्या ट्रामची तार आहे. त्या बायका आपल्या आज्यांच्या वेशात नटून बसल्या होत्या. तेव्हापासून मिरवणुकीकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. मिरवणूक नटलेली असते. मागचं दुकान, दिव्याचा खांब, पायाखालचे रूळ यांना नटायचं कारण नसतं.

गिल्ड म्हणजे काय, हे इतर वाचकांसाठी सांगतो. दुसऱ्या हेन्री राजाने ११७९मध्ये प्रेस्टनला सनद दिली आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाचा हक्क दिला. त्या मंडळाची सभा, म्हणजे गिल्ड मर्चंट, पुढे गावाची जत्राच झाली. नोंद सापडते ती १३२८पासून. १५४२पासून ती दर २० वर्षांनी भरते आणि खंड पडला तो एकदाच: १९४२ची गिल्ड महायुद्धामुळे रद्द झाली आणि १९५२मध्ये भरली. मग १९७२, १९९२, २०१२. पुढची २०३२मध्ये. लँकेशायरमध्ये एखादी गोष्ट क्वचितच घडत असेल तर ‘प्रेस्टन गिल्ड आली की’ असं म्हणतात. आपला कपिलाषष्ठीचा योग, फक्त याची तारीख आधी कळते. २९ ऑगस्टच्या ख्रिस्ती सणानंतरचा पहिला सोमवार हा गिल्डचा आरंभ. १९०२मध्ये तो १ सप्टेंबरला आला, १९२२मध्ये ४ सप्टेंबरला. हे लक्षात ठेवा, सावल्यांचा हिशेब करताना लागेल.

म्हणजे तुमच्या खोक्यातले फोटो खरंच गिल्डचे असतील तर पर्याय मोजकेच उरतात: १८८२, १९०२, १९२२, १९५२. आणि प्रेस्टनचं नशीब असं, की या चारही गिल्डच्या वेळी गावाचा मध्य वेगळा दिसत होता.

बाजारचौक घ्या. स्थानिक लोक त्याला ‘फ्लॅग मार्केट’ म्हणतात. (इथे फ्लॅग म्हणजे झेंडा नव्हे, दगडी फरशी. झेंडे शोधत बसू नका.) चौकाच्या पूर्वेला खांबांची, ग्रीक देवळासारखी भव्य इमारत दिसते ते हॅरिस ग्रंथालय आणि संग्रहालय. त्याची कोनशिला १८८२च्या गिल्डच्याच आठवड्यात बसली आणि दारं उघडली १८९३मध्ये. म्हणून हॅरिस पूर्ण उभं दिसलं की १८८२ बाद. चौकाच्या दक्षिणेला उंच घड्याळाच्या मनोऱ्याचं टाउन हॉल होतं, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचलेलं, १८६७मध्ये खुलं झालेलं. १५ मार्च १९४७ला ते आगीत जळालं आणि उरलेलं १९६२मध्ये पाडलं. ते धडधाकट उभं असेल तर १९५२ बाद.

आता १९०२ आणि १९२२ यांत निवड कशी करायची? इथे दोन स्मारकं कामाला येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पडलेल्या सैनिकांचं स्मारक १९०४मध्ये या चौकात उभारलं आणि १९२५मध्ये उचलून ॲव्हनम पार्कात नेलं. म्हणजे ते चौकात फक्त २१ वर्षं होतं आणि त्या २१ वर्षांत गिल्ड एकच झाली, १९२२ची. पहिल्या महायुद्धाचा मोठा स्मृतिस्तंभ, धाकट्या स्कॉटने, म्हणजे जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने रचलेला, १३ जून १९२६ला अनावरण झाला. तो दिसला तर १९२२ गेलं.

तुमचा दुसरा स्कॅन नीट मोठा करून बघा. डावीकडे निशाण धरलेल्या माणसाच्या खांद्यावरून एक दगडी चौथरा आणि त्यावरची सैनिकाची आकृती डोकावते आहे. ते बोअर युद्धाचं स्मारक. मागे ‘१९०२’ लिहिलेलं असलं तरी हा फोटो १९०४च्या आधीचा असूच शकत नाही. शिवाय पुढच्या रांगेतल्या तरुण मुलींच्या टोप्या कपाळापर्यंत ओढलेल्या, घंटेच्या आकाराच्या आहेत आणि घागऱ्याच्या खाली पोटऱ्या दिसतात. मी १९२२ म्हणेन, आणि बऱ्यापैकी छातीठोकपणे.

कपड्यांवरून काळ ठरवताना एक सवय लावून घ्या: गर्दीतल्या सगळ्यात तरुण, बऱ्या घरच्या बाईकडे बघा. म्हाताऱ्या बायका वीस-वीस वर्षं जुनं नेसतात, ते तुमच्या आजीच्या लुगड्यावरून तुम्हाला कळेलच. पोरं मोठ्या भावंडांचं घालतात. पुरुषांची सपाट टोपी आणि कोट तर कित्येक दशकं जवळपास तसाच राहिला. उलट १८९५च्या आसपासचा खांद्याशी फुग्यासारखा फुगलेला बाह्यांचा घाट, १९१०च्या आसपासच्या परातीएवढ्या टोप्या, ही फॅशन दोन-चार वर्षांतच उतरली, म्हणून ती तारखेसारखी वापरता येते. गिरणीतल्या बायकांची शाल आणि लाकडी तळव्यांचे क्लॉग मात्र काहीच सांगत नाहीत. ते १८८२मध्येही होते आणि १९२२मध्येही.

रस्त्याच्या मधोमध बघायचं ते ट्रामसाठी. प्रेस्टनमध्ये घोड्यांच्या ट्राम १८७९पासून होत्या. विजेची ट्राम ७ जून १९०४ला सुरू झाली आणि शेवटची १५ डिसेंबर १९३५ला धावली. याचा अर्थ फिशरगेट या मुख्य रस्त्यावर नुसते रूळ दिसले आणि वर तार नसेल तर १९०४च्या आधी. रूळ आणि तार दोन्ही असतील तर १९०४ ते १९३५. रूळही नाहीत आणि तारही नाही, तर बहुतेक १९३५नंतरचं. तार फोटोत पुसट असते, आकाश पांढरंफटक असल्याने कधी दिसतच नाही. मग खांब शोधा. पदपथाच्या कडेला ठराविक अंतरावर उभे, जाड, वर आडवा हात असलेले खांब म्हणजे तार होतीच.

मोटार दिसली तर नंबर वाचायचा प्रयत्न करा. १ जानेवारी १९०४पासून ब्रिटनमध्ये गाड्यांना नंबर सक्तीचे झाले. प्रेस्टनची अक्षरं ‘सीके’, लँकेशायर परगण्याचं ‘बी’, शेजारच्या ब्लॅकबर्नचं ‘सीबी’, बोल्टनचं ‘बीएन’. तुमच्या खोक्यातले सगळे फोटो प्रेस्टनचेच आहेत असं मी अजून मानलेलं नाही, आणि या अक्षरांनी ते अर्ध्या मिनिटात कळू शकतं. गावाचं चिन्हही मदत करतं: प्रेस्टनच्या ढालीवर बसलेलं कोकरू असतं आणि ‘पी पी’ अशी अक्षरं. मूळ लॅटिन अर्थ ‘शांतीचा राजा’, पण गावकरी त्याचा अर्थ ‘मानी प्रेस्टन’ असा लावतात. पताकांवर, कमानींवर, बँडच्या ढोलावरही ते कोकरू सापडतं.

आता रंगांविषयी, कारण इथे भलेभले चुकतात. १९२०च्या दशकापर्यंत सर्वसाधारण छायाचित्रकार ज्या काचेच्या प्लेट वापरत, त्यांना निळा रंग फार दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळं पांढुरकं आणि लाल काळं उमटतं. ब्रिटिश झेंड्यातला लाल क्रूस काळा दिसतो आणि निळी पार्श्वभूमी फिकट राखाडी. टपालाची लाल पेटी काळी. लँकेशायरचा लाल गुलाब काळा. पिवळा रंगही गडदच. म्हणून काळ्या पताका बघून ‘राजाच्या मृत्यूचा शोक’ असं लिहू नका. मी लिहिलेलं पाहिलंय, ते लाल कापड होतं. आकाश पांढरं आहे म्हणून ढगाळ दिवस होता, हेही तसंच कच्चं अनुमान.

सावल्या मात्र खोटं बोलत नाहीत. प्रेस्टन साधारण ५४ अंश उत्तरेला आहे, आपलं पुणे साडेअठरावर. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुण्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. प्रेस्टनमध्ये तो ४३ अंशांवरच राहतो, म्हणजे दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी. जूनच्या अखेरीला तीच दुपारची सावली उंचीच्या निम्म्याहून थोडीच जास्त. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊणपट. हा हिशेब का महत्त्वाचा, तर १९०२मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक झाला. तो २६ जूनला ठरला होता, पण राजाच्या आंत्रपुच्छाच्या दुखण्यामुळे लांबला आणि ९ ऑगस्टला पार पडला. तीनच आठवड्यांनी प्रेस्टनमध्ये गिल्ड. दोन्ही वेळी तीच गावं, तेच झेंडे, तीच एडवर्ड राजाची ‘ई आर’ अक्षरं. ज्या फोटोत टाउन हॉलचं घड्याळ बाराच्या आसपास दिसतंय तिथे सावली मोजा: पाऊणपट असेल तर राज्याभिषेक, पूर्ण उंचीची असेल तर गिल्ड. फरक बारीक आहे आणि फूटपट्टी लावूनही दहातल्या तीनदा निकाल लागत नाही, पण लागतो तेव्हा पक्का लागतो. फक्त एक करा: मे १९१६पासून उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत सुरू झाली, म्हणून १९२२च्या फोटोत घड्याळातला एक म्हणजे सूर्याचा सुमारे बारा.

फिशरगेट ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे दिवसाच्या बहुतांश वेळी उन्हात न्हालेल्या दर्शनी भिंती रस्त्याच्या उत्तर बाजूच्या असतात. मिरवणूक स्टेशनकडे चाललीय की चौकाकडे, हे एवढ्यावरून ठरतं. फोटो उलटा छापला गेला असेल तर दुकानांच्या पाट्या आरशातल्यासारख्या दिसतात. पाट्या वाचता येत नसतील तर पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आहे ना, ते तपासा.

तुमचा पहिला स्कॅन: पांढरे झगे घातलेल्या मुली, हातात फुलांच्या परड्या, मध्ये मोठं रेशमी निशाण आणि त्याच्या टोकांपासून लोंबणाऱ्या फिती मुलींच्या हातात. फार सुंदर फोटो आहे. पण तो गिल्डचा नाही, असं मला वाटतं. ही व्हिटसनची मिरवणूक, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या आसपास, मे-जूनमध्ये, चर्चची आणि रविवारच्या शाळांची पोरं दरवर्षी काढत ती. मँचेस्टरमध्ये ही प्रथा १८०१पासूनची. प्रेस्टन हे कॅथलिकांचं जुनं गाव. ‘प्रीस्ट’ म्हणजे पाद्री, त्याच शब्दावरून गावाचं नाव पडलं. त्यामुळे इथल्या व्हिटसनला कॅथलिक मिरवणुकाही मोठ्या निघत. गिल्डमध्येही चर्चच्या मिरवणुका असतात हे खरं, म्हणून नुसत्या पांढऱ्या झग्यांवरून मी ठरवणार नाही. पण या फोटोत उजवीकडच्या झाडाची पानं कोवळी, विरळ आहेत. सप्टेंबरात ती गर्द असतात. आणि घरांवर एकही पताका नाही. गिल्डच्या आठवड्यात मुख्य रस्त्यावर पताका नाही असं घर सापडणं अवघड.

निशाणाचा खालचा कोपरा मोठा करून स्कॅन करा. लंडनच्या जॉर्ज टटिल यांचा कारखाना १८३७पासून कामगार संघटनांची, दारूबंदी मंडळांची, रविवारच्या शाळांची निशाणं बनवायचा आणि बऱ्याचदा कोपऱ्यात नाव टाकायचा. नाव मिळालं तर तारीख मिळेलच असं नाही, पण निशाणावरचं मंडळाचं नाव वाचता आलं तर वर्तमानपत्रात शोधायला धागा मिळतो. प्रेस्टनमध्ये दारूबंदीचीही निशाणं खूप दिसतील. जोसेफ लिव्हझी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८३२मध्ये इथेच दारूत्यागाची शपथ घेतली आणि पूर्ण दारूत्यागासाठीचा ‘टीटोटल’ हा इंग्रजी शब्द या गावातल्याच एका सभेतून जगभर गेला असं मानतात.

चौथा स्कॅन बघून मी थोडा थांबलो. मागे ‘ट्रेड्स प्रोसेशन, गिल्ड’ लिहिलंय. रांगेत चालणारे तरुण, साधे कोट, टोप्या, काहींच्या काखेत कागदी पुडकी, पुढे एकच गणवेशातला सार्जंट. बँड नाही, निशाण नाही, आणि कडेच्या बायका हसत नाहीयेत. ही कारागिरांची मिरवणूक नव्हे, सैन्यात भरती झालेल्यांची आहे. सप्टेंबर १९१४मध्ये प्रेस्टनच्या सुमारे अडीचशे तरुणांनी एकत्र नाव नोंदवलं. गावाने त्यांना ‘पाल्स’, म्हणजे दोस्तमंडळी म्हटलं. लॉयल नॉर्थ लँकेशायर रेजिमेंटच्या ७व्या पलटणीत त्यांची तुकडी होती. ७ सप्टेंबरला ते बाजारचौकातून स्टेशनकडे चालत गेले, गणवेश अजून मिळायचे होते. १९१६च्या जुलैत फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत त्यांच्यातले पुष्कळ कामी आले. तुमचा फोटो त्याच दिवसाचा आहे असं मी इथून सांगू शकत नाही. त्या महिन्यांत अशा तुकड्या अनेकदा निघाल्या. पण हा फोटो वेगळा काढून ठेवा आणि गावातल्या संग्रहाला जरूर दाखवा. त्यातल्या चेहऱ्यांना अजूनही ओळखणारी घरं तिथे आहेत.

तिसऱ्या स्कॅनमधली ती मध्ययुगीन पोशाखांची मंडळी, ढाली, भाले वगैरे, यावर वेळ घालवत नाही. गिल्डमध्ये इतिहासाचे देखावे असतातच. त्यांच्या मागच्या खिडकीतली जाहिरात वाचा.

पाचवा स्कॅन पोस्टकार्डाचा आहे आणि इथे टपालखातं आपलं काम सोपं करतं. ब्रिटनमध्ये १९०२पर्यंत कार्डाच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. १९०२मध्ये मागची बाजू मधोमध दुभागायची परवानगी मिळाली. असं करणारा तो पहिला देश. तुमच्या कार्डाची पाठ दुभागलेली आहे, म्हणजे छापलं १९०२ किंवा नंतर. तिकीट हिरवं, अर्ध्या पेनीचं, सातव्या एडवर्डचं डोकं असलेलं. अर्ध्या पेनीत कार्ड जाण्याचा काळ ३ जून १९१८ला संपला, पुढे दर एक पेनी झाला. पाचव्या जॉर्जची तिकिटं जून १९११पासून आली. म्हणून कार्ड बहुधा १९०२ ते १९११मधलं, आणि शिक्का नीट वाचता आला तर दिवसही कळेल. तिकीट काढू नका, वाफेवर तर मुळीच धरू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की शिक्का कार्ड पाठवल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. दुकानात चार वर्षं पडून राहिलेली कार्डंही लोक घेत.

गिल्डच्या गर्दीचा अंदाज यायचा असेल तर चित्रफिती बघा. ब्लॅकबर्नच्या सॅगर मिचेल आणि जेम्स केन्यन या जोडीने १९०० ते १९१३च्या दरम्यान उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या फाटकांवर, मिरवणुकांत, जत्रांत कॅमेरा लावला आणि ‘या, स्वतःला पडद्यावर बघा’ म्हणून त्याच लोकांना तंबूत तिकीट काढायला लावलं. सुमारे ८०० निगेटिव्ह फिती १९९४मध्ये ब्लॅकबर्नच्या एका दुकानाच्या तळघरात पत्र्याच्या पिंपांत सापडल्या. आता त्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहेत. प्रेस्टनच्या ॲव्हनम पार्कात ईस्टरच्या सोमवारी उतारावरून अंडी घरंगळवणारी पोरंही त्यांत आहेत. एक गोष्ट त्यांत दिसते ती तुमच्या फोटोंतही दिसेल: तेव्हाची पोरं मिरवणुकीकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे बघतात. १९५२च्या फोटोंत कॅमेऱ्याचं कुणाला अप्रूप नसतं. हा नियम नाही, माझ्या नजरेची सवय आहे.

पार्काचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या घरचं सांगतो. १८६२ची गिल्ड ऐन कापूसटंचाईत भरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दक्षिणेचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. त्याच वेळी मुंबईत कापसाने सोनं पिकवलं, शेअरांची धूम उठली आणि १८६५मध्ये सगळं कोसळलं, ती गोष्ट आपण शाळेत शिकतो. तिचं दुसरं टोक इथे आहे. मुंबईहून आलेला तोकड्या धाग्याचा कापूस इकडे ‘सुरत’ म्हणून ओळखला जाई आणि तो सारखा तुटायचा. ‘देवा, कापूस दे, पण सुरत नको’ अशी प्रार्थना गिरणीकामगारांच्या तोंडी घातली जाते. प्रेस्टनच्या बेकार कामगारांना पोट भरायला जे काम दिलं गेलं त्यातून ॲव्हनम आणि मिलर ही उद्यानं झाली. तेव्हा तुमच्या खोक्यात त्या उद्यानाचा फोटो असेल तर झाडांची उंची बघा. १८६०च्या दशकातली रोपं १८८२मध्ये अजून सडपातळ, १९२२मध्ये भरदार. कारंजाजवळच्या कठड्याची उंची गृहीत धरून झाड मोजता येतं.

आणि आपल्याकडे लँकेशायरचं सगळंच ‘मँचेस्टर’ होऊन बसतं, म्हणून सांगतो: गांधीजींचा गिरणीतल्या हसऱ्या बायकांबरोबरचा प्रसिद्ध फोटो २६ सप्टेंबर १९३१चा आणि डार्वेनचा आहे, प्रेस्टनपासून तासाभराच्या आतलं गाव. स्वदेशीचा फटका ज्या गिरण्यांना बसला तिथल्याच त्या बायका. रस्त्यावरच्या गर्दीचा फोटो कसा वाचावा याचा तो चांगला धडा आहे; गांधीजींना झाकून उरलेला फोटो बघा.

आता सांभाळणं. इंग्लंडच्या घरात माळा आणि तळघर या दोन्ही जागा फोटोंच्या वैरी: एक उन्हाळ्यात तापते, दुसरी ओल धरते. राहत्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट बरं. प्रत्येक फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा आम्लमुक्त कागदात ठेवा. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको, चिकट पानांचे अल्बम नकोत, सेलोटेप तर नकोच. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, काचेवर पालथा ठेवून, अलगद. कडांना चंदेरी आरसा धरलेला दिसेल. ती चांदी वर आलीय, पुसू नका. गुंडाळलेला लांब फोटो जबरदस्तीने उलगडू नका, चिरतो. खोक्यात फिल्मच्या निगेटिव्ह असतील, कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल आणि उग्र वास येत असेल, तर त्या नायट्रेटच्या असू शकतात. भडकन पेट घेतात. वेगळ्या, थंड जागी ठेवा, स्कॅनरवर घालू नका, आणि लँकेशायरच्या अभिलेखागाराला फोन करा. ते प्रेस्टनमध्येच, बो लेनवर आहे. स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० पीपीआय (इंचाला ६०० बिंदू), टिफ फाइल, आणि पाठीचाही स्कॅन. पाठ विसरतात सगळे.

इंटरनेटवर टाकण्याबद्दल: छायाचित्रकार माहीत असेल तर ब्रिटनमध्ये हक्क त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. अनामिक असेल तर फोटो काढल्यापासून ७० वर्षं, आणि त्या मुदतीत प्रसिद्ध झाला असेल तर प्रसिद्धीपासून ७०. १९०२च्या अनामिक फोटोची फारशी चिंता नको. पण १९२२चा छायाचित्रकार विशीतला असेल तर तो १९७०पर्यंतही जगलेला असू शकतो, म्हणून कोपऱ्यात उठवलेला शिक्का असेल तर आधी त्याचा शोध घ्या. मालक सापडतच नसेल तर बौद्धिक संपदा कार्यालयाकडून पोरक्या कृतींचा परवाना मिळतो, २०१४पासून ती सोय आहे. प्रेस्टन डिजिटल आर्काइव्ह नावाचा फ्लिकरवरचा संग्रहही बघा. तुमच्यातले काही फोटो तिथे आधीच असतील आणि त्यांच्याखाली कुणी दुकानाचं नावही सांगितलेलं असेल.

राहिला सहावा स्कॅन, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. फिशरगेट. रस्त्यात रूळ आहेत, वर तार नाही, खांबही नाहीत. टाउन हॉलचा मनोरा टोकाला. घरोघर पताका, एका कमानीवर कोकरू. घड्याळ दिसत नाही, पण पदपथावरच्या पोलिसाची सावली त्याच्याएवढीच लांब आहे. मधल्या बाईच्या बाह्या खांद्याशी घट्ट आणि मनगटाशी सैल, म्हणजे १८९५च्या फुग्यांचा काळ सरलेला. इथे मला १९०२ नाकारायला काही कारण सापडलं नाही. निळं बॉलपेन निदान एकदा खरं बोललं असावं. उजवीकडच्या दुकानाच्या पाटीवर ‘...सन, हॅटर’ एवढं वाचता येतं. बॅरेटच्या प्रेस्टन डिरेक्टरीत, म्हणजे गावातल्या रहिवाशांच्या आणि दुकानांच्या छापील यादीत, त्या वर्षांच्या आसपास फिशरगेटवर आडनावाच्या शेवटी ‘सन’ असलेला टोपीवाला किती क्रमांकावर होता ते शोधा, हॅरिसच्या ग्रंथालयात विचारलंत तर दाखवतील. तो मिळेपर्यंत पाठीवर पेन्सिलने ‘सप्टेंबर १९०२?’ असं लिहा. प्रश्नचिन्ह गाळू नका.